विमानाचं नाव नंतर, वाटेचा हिशेब आधी

लांबच्या विमानप्रवासाबद्दल आपल्याकडे एक तयार शहाणपण फिरत असतं. कंपनी नावाजलेली घ्या, नाहीतर सरळ सगळ्यांत स्वस्त तिकीट काढा. विमानात भरपूर पाणी प्या. रक्त पातळ करायची एखादी गोळी घ्या आणि देवाचं नाव घेऊन बसा. हे सांगणारे बहुतेक जण मुंबई-पुण्याचे, नाहीतर न्यू जर्सी-सिडनीचे असतात आणि विमानतळ त्यांच्या घरापासून टॅक्सीच्या अंतरावर असतो. त्यांचं त्यावर भागतही असेल. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेहून लेकीच्या बाळंतपणाला टेक्सासला निघालेल्या साठीच्या बाईला हाच सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. त्यातलं एकेक कलम घेऊन तपासायला हवं, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक एकतर चुकीचं आहे, नाहीतर तिच्या कामाचं नाही.

आधी ही प्रवासी कोण ते बघू. आमच्या भागातली पोरं पुण्यात शिकली, तिथून अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियाला गेली. आईवडील तिकडे फिरायला फार कमी जातात. ते जातात ते बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला. जाणारी बहुधा आई असते आणि पुष्कळदा एकटी, कारण घरी गुरं असतात, शेत असतं, वडिलांना निघता येत नाही. गुडघे दुखत असतात, शुगरची गोळी चालू असते, इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत. आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिला कामाला लागायचं असतं. विमानप्रवासाचा सल्ला द्यायचा असेल तर या बाईला डोळ्यांसमोर ठेवून द्यावा.

पहिला आक्षेप प्रवासाच्या तासांवर. ‘बावीस तासांचा प्रवास आहे,’ असं मुलगा फोनवर सांगतो. हे बावीस तास मुंबईच्या विमानतळावरून सुरू होतात. आईचा प्रवास सुरू होतो तो घराच्या ओट्यावरून. धामणगावहून मलकापूर स्टेशन, तिथे गाडीची वाट, मग विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती-मुंबई अशा एखाद्या रात्रगाडीने सुमारे पाचशे किलोमीटर. मुंबईत उतरून टॅक्सी, विमानतळावर तीन-चार तास आधी हजेरी, मग कुठे विमान. पलीकडे उतरल्यावर मुलाच्या घरापर्यंत पुन्हा मोटार. दारापासून दारापर्यंत मोजलं तर चाळीस तासांच्या आसपास जातं, आणि त्यातला बहुतेक वेळ बसून.

हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याला विमानाचं वावडं नाही की विशेष प्रेमही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर केलेल्या संशोधन-प्रकल्पाचा अहवाल २००७ साली आला. चार तास किंवा त्याहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, हा त्याचा निष्कर्ष. विमानातल्या इतक्या लांबच्या प्रवासात हा धोका सुमारे सहा हजारांत एक, म्हणजे घाबरून जाण्याइतका मोठा नाही. पण हाच वाढीव धोका मोटार, बस आणि रेल्वेलाही लागू आहे, आणि एकामागून एक असे प्रवास झाले तर तो चढत जातो. आमच्या बाईचं घड्याळ मलकापूरलाच सुरू झालेलं असतं. विमानात पाय हलवा म्हणणारा मलकापूर ते कल्याणच्या रात्रीबद्दल एक शब्दही बोलत नाही.

यावर गावातलं उत्तर ठरलेलं असतं : ‘त्यात काय व्हते? बसूनच त जा लागते!’ जन्मभर कापूस वेचलेल्या, निंदण-खुरपण केलेल्या बाईला खुर्चीत बसून काय होणार, असा त्यामागचा विचार. दिसायला तो कष्टाचा मान आहे, प्रत्यक्षात हेळसांड आहे. वावरात चालणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या दिवसभर पंपासारख्या चालतात आणि रक्त वर ढकलतात. बसलं की तो पंप बंद पडतो, मग माणूस कितीही काटक असो. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र आसऱ्याच्या तळघरांत खुर्च्यांवर बसून काढत. त्या काळात फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याची नोंद कीथ सिम्पसन या शवविच्छेदनतज्ज्ञाने केली. खुर्चीची कड मांडीच्या मागे रुतते आणि रक्त अडतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तिथे विमान नव्हतं, होतं ते फक्त बसून राहणं.

ही खुर्चीची कड आपल्या बायकांच्या जास्त जवळची आहे. त्याच २००७च्या अहवालात ज्यांना अधिक जपायला हवं अशांच्या यादीत १.६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वापाच फुटांपेक्षा, कमी उंचीची माणसं आहेत. आपल्याकडच्या कितीतरी आया त्यात बसतात. विमानाची खुर्ची त्यांच्या मापाची नसते. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, टाचा अधांतरी राहतात, गुडघ्यामागची जागा कडेवर दाबली जाते. त्यात लुगड्याचा घोळ पायांभोवती घट्ट लपेटून, चपला काढून, बाई अंग चोरून बसते, कारण शेजारी परका पुरुष असतो. बारा तासांनी उतरताना पाय भरून आलेले असतात. उपाय फुकटचा आहे. हातातली पिशवी पायाखाली घ्यायची, तळवे पूर्ण टेकतील एवढी उंची करायची आणि दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-पंचवीस वेळा करायचं. हे कुठल्याही कंपनीच्या तिकिटात मिळत नाही, आईला घरीच शिकवावं लागतं.

आता गोळी आणि पाणी. विमानात बसण्याआधी रक्त पातळ करायची गोळी घ्यायची हा सल्ला इतका पसरलाय की लोक मेडिकलवाल्याला विचारून ती घेतात, डॉक्टरांना विचारतच नाहीत. अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी, केवळ प्रवासातली गुठळी टाळण्यासाठी ॲस्पिरिन घेऊ नये, असा सल्ला दिला. हृदयविकारासाठी ज्यांना ती लिहून दिली आहे त्यांनी ती चालू ठेवावी. बाकीच्यांनी तिच्या नादी लागून पोटात रक्तस्राव ओढवून घेऊ नये. त्याच सूचनांनी आणखी एक समजूत खोडली. स्वस्त वर्गाच्या खुर्चीमुळेच गुठळी होते याला ठोस पुरावा नाही. खिडकीची जागा मात्र धोक्याची, कारण तिथला माणूस उठत नाही. शरीरातलं पाणी कमी झाल्याने गुठळी होते यालाही त्यांना पक्का आधार सापडला नाही. म्हणून पाणी पिऊच नये असं नाही. विमानातली हवा कोरडी असते, घसा सुकतो, पाणी प्यावंच. पण आपल्या बायका संडासला जावं लागू नये म्हणून पाणी टाळतात, कारण खिडकीची जागा असली की दोन परक्या माणसांना उठवावं लागतं. म्हणजे पाण्याचा सल्ला तिथेच खुंटतो. मधल्या वाटेलगतची जागा दिली, तर पाणीही प्यायलं जातं आणि दर दोन-तीन तासांनी उठणंही होतं.

ज्यांना आधी गुठळी झालेली आहे, नुकतंच ऑपरेशन झालं आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा वजन फार आहे, त्यांच्यासाठी गुडघ्याखालपर्यंतचे दाब देणारे मोजे आहेत. विमानप्रवाशांवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात, अशा मोज्यांनी लक्षण न दाखवणाऱ्या गुठळ्या बऱ्याच कमी होतात असं स्पष्ट दिसलं. मात्र ते मापाचे हवेत. मधुमेहाने पायातल्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या माणसाने ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घालू नयेत. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावं, सामानात टाकलेलं गोठून वाया जाऊ शकतं. आणि पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, तेव्हा मधल्या डोसांचं काय करायचं ते निघण्याआधी कागदावर लिहून घ्यावं. सिकलसेलचा आजार किंवा फारच कमी हिमोग्लोबिन असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय विमानात बसूच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिनची तपासणी इथे शंभर-दोनशे रुपयांत होते, आणि आपण पाच हजारांच्या बॅगा विकत घेतो.

दुसरं कलम नावाजलेल्या कंपनीचं. ‘जगातली सर्वोत्तम’ ठरलेल्या कंपनीने आईला पाठवलं म्हणजे काळजी मिटली, असं अनेक मुलांना वाटतं. स्कायट्रॅक्ससारखे पुरस्कार मुख्यतः प्रवाशांच्या पसंतीवर दिले जातात. जेवण, पडद्यावरचे सिनेमे, सेवकांचं हसू यांना तिथे गुण मिळतात. आईला यातलं किती उपयोगी पडणार? तिच्या फुप्फुसाला कंपनीच्या नावाने काही फरक पडत नाही, विमानाच्या जातीने थोडा पडतो. प्रवासी विमानातली हवा जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवता येते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे, आठ हजार फूट म्हणजे त्याच्याही सुमारे आठशे मीटर वर. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत ही हवा सुमारे सहा हजार फुटांच्या पातळीवर ठेवतात. दमा, हृदयविकार असलेल्या माणसाला हा फरक जाणवू शकतो. तेव्हा तिकिटावर कुठलं विमान लिहिलंय ते वाचा. आणि ‘ऑपरेटेड बाय’ या बारीक अक्षरांतल्या ओळीवरही नजर टाका, कारण तिकीट एकीचं आणि विमान दुसरीचं, हा प्रकार सर्रास चालतो.

आईला खरी गरज असते ती जमिनीवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या प्रवाशाचं काय झालं ते आठवा. नवराबायको दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, मिळाली एकच. बायकोला खुर्चीत बसवून आजोबा बरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले, ते वाचले नाहीत. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, पण त्यांनी चालणं पसंत केलं, असा खुलासा कंपनीने केला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो पुरेसा मानला नाही आणि तीस लाखांचा दंड लावला. या प्रसंगातून कंपनीचं नाव बदलावं एवढाच धडा घेणाऱ्याने तो अर्धाच घेतला. व्हीलचेअर तिकिटावर नोंदलेली आहे का, आणि कुठल्या प्रकारची, हे तपासायचं असतं. लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो, जिनाही चढता येत नाही, आणि मुळीच चालता येत नाही, असे तीन वेगळे प्रकार तिथे असतात. ‘सांगितलंय मी’ याला अर्थ नाही. आणि आईला एक वाक्य पाठ करून द्या : खुर्ची आल्याशिवाय मी उठणार नाही. आपली माणसं भिडेपोटी उठतात आणि चालू लागतात.

तिसरं भय अहमदाबादनंतर वाढलं. १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जण गेले. तेव्हापासून ‘कुठली कंपनी सुरक्षित?’ हा प्रश्न प्रत्येक तिकिटाआधी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या जागी विचारला जातो. एमआयटीचे अर्नोल्ड बार्नेट यांनी २०१८ ते २०२२ या काळाचा हिशेब मांडला होता. जगभरात विमानात चढणाऱ्या प्रवाशाला मृत्यूचा धोका साधारण १ कोटी ३७ लाखांत एक. आता आमच्या जिल्ह्याकडे बघा. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे खासगी बस उलटून पेटली, पंचवीस जण होरपळून गेले. त्याच महिन्यात २९ तारखेला मलकापुरात दोन खासगी बस धडकल्या, सहा जण गेले. परदेशी विमानांच्या सुरक्षेचे तक्ते तुलना करून बघणारा मुलगा आईला रात्रभर गाडी हाकणाऱ्या, झोप न झालेल्या ड्रायव्हरच्या हवाली करतो, आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. धोका कमी करायचा असेल तर तो इथेच कमी होतो. रेल्वेने जा, एक दिवस आधी मुंबई गाठा, नातेवाईकाकडे आडवे व्हा, दुसऱ्या दिवशी विमान घ्या. तब्येतीलाही हेच मानवतं. मुंबईजवळ आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून जोडविमान घेणाऱ्याने आपण उतरणार कुठे आणि पुढचं विमान सुटणार कुठून, हे दोनदा वाचावं.

राहिलं स्वस्त तिकीट. इथे विरोधकांची बाजू खरंच भक्कम आहे आणि ती टाळून चालणार नाही. वीस हजारांचा फरक म्हणजे २०२५-२६च्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावानेसुद्धा पावणेचार क्विंटल सोयाबीन, आणि हमीभाव मिळतोच असं नाही. ज्यांच्या घरात हा हिशेब चालतो त्यांना ‘पैशाकडे बघू नका’ म्हणणं हा उद्धटपणा आहे. पैशाकडे बघाच, पण नीट बघा. स्वस्त तिकिटातली स्वस्ताई येते कुठून? पुष्कळदा ती दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडून आलेली असते. फोनवर आलेलं असं तिकीट उघडून बघा. वर एक पीएनआर, खाली दुसरा. मधे सव्वा तास. जागेचा क्रमांक नाही, कारण तो पैसे देऊन घ्यायचा. सामान मधेच ताब्यात घेऊन पुन्हा द्यायचं, म्हणजे त्या देशात बाहेर पडायचं, म्हणजे कदाचित व्हिसा. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी ओळख दाखवत नाही, तिकीट बुडालं. २३ जून २०२५ रोजी कतारने अचानक आकाश बंद केलं. असल्या वेळी एकच तिकीट असलेल्या प्रवाशाला पुढे पोचवणं कंपनीला भाग असतं, दोन तिकिटंवाल्याचा वाली कुणी नसतो. एकाच तिकिटावर, एकच थांबा, तो तीन-चार तासांचा, एवढं पथ्य पाळलं तर आईला धावावं लागत नाही आणि मधे चालायलाही मिळतं.

हक्कांचाही पैसा होतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार, मुंबईहून युरोपीय कंपनीने युरोपात जाताना किंवा युरोपातून कुठल्याही कंपनीने निघताना, कंपनीच्या चुकीने फार उशीर झाला किंवा विमान रद्द झालं, तर साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. अडकून पडलात तर जेवण आणि राहणंही त्यांच्याकडे. दोन तिकिटांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर हे वजन तराजूत घाला. कुठल्या शहरातून जायचं याचाही विचार करा. बाळंतिणीसाठी नेलेल्या डिंकाच्या लाडवांत खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदीच्या यादीत आहे. दुबईवरून जायचं असेल तर लाडू बिनखसखशीचे करा.

पोचल्यावरही काम संपत नाही. दोन्ही पाय सुजले तर बहुधा ते बसण्याने आलेलं असतं, उतरतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, गरम लागली, किंवा धाप लागून छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना. हा धोका प्रवासानंतर काही आठवडे राहतो. परत आल्यावर मोताळ्याच्या किंवा बुलढाण्याच्या डॉक्टरांना ‘मी नुकतीच विमानाने आले’ हे वाक्य सांगितलंच पाहिजे, कारण त्यांनी विचारलं नाही तर ते त्यांना कळणार कसं? आणि विम्याच्या कागदात आधीच्या आजारांचं काय लिहिलंय ते तिकिटाआधी वाचा. तिकडचं एका रात्रीचं हॉस्पिटल इथलं वावर विकायला लावू शकतं.

परदेशातल्या मुलामुलींना एवढंच सांगायचं आहे. आईच्या तिकिटाचे पैसे भरण्याआधी सहा गोष्टी बघा : एकच तिकीट, पुरेसा थांबा, वाटेलगतची जागा, नोंदलेली व्हीलचेअर, डॉक्टरांचा कागद आणि मुंबईत एक रात्र विसावा. या सहा जमल्या तर कंपनी कुठलीही परवानाधारक असो, चालेल. त्या जमत नसतील तर जगातली सर्वोत्तम कंपनीही आईच्या कामाची नाही. आणि काटकसर करायचीच असेल तर ती स्वतःच्या तिकिटावर करा, आईच्या नको.